सॅकला हात लावू नये

मुलीला स्काउटमध्ये घालायचं मनात असेल तर खुशाल घाला. मुलगी धडधाकट परत येते. याची मी जातीने खात्री करून घेतली आहे. आज सकाळीच आमची आली, आणि आत्ता आतल्या खोलीत आडवीतिडवी पसरून झोपली आहे. तिचे पाय धुवायचे राहिलेत, म्हणून बायको दर पाच मिनिटांनी दारात जाते, बघते आणि तशीच परत येते. पालक धडधाकट राहतात की नाही, हा मात्र निराळा विषय. तो मी आता सांगू शकतो, कारण गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मी खुर्चीला पाठ टेकून बसलोय.

मुख्य सूचना आधीच देऊन टाकतो. नाव नोंदवताना दलप्रमुख एक कागद देतात, ‘पालकांनी जाणून घ्यावे असे काही’. तो वाचा. मी वाचला नाही. मी तो तपासला.

हे कळायला माझी नोकरी सांगायला हवी. मी एका कचेरीत अर्ज तपासतो. लोक खिडकीतून अर्ज आत सरकवतात, मी त्यातली चूक शोधतो आणि अर्ज बाहेर सरकवतो. एकोणीस वर्षं हेच. एखाद्या अर्जात चूक सापडली नाही तर मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यामुळे तो कागद हातात आला आणि माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. मुद्दा क्रमांक चार दोनदा आला होता आणि पाचानंतर एकदम सात होता. तुम्हीच सांगा, अशा कागदावर विश्वास कसा ठेवायचा? मी आकडे दुरुस्त केले. दुसऱ्या चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतं, ‘शिबिराची सॅक मुलांनी स्वतः भरावी. पालकांनी सॅकला हात लावू नये.’ त्याखाली रेघ मारून मी समासात लिहिलं, ‘नियम मोघम आहे. अपवाद नमूद करावेत.’ खाली सही केली, तारीख घातली आणि कागद सन्मानाने परत केला. म्हणजे बघा, वाक्य मी वाचलं होतं, त्याच्याखाली माझी सही होती, आणि तरीही ते माझ्यासाठी लिहिलेलं आहे, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मुलगी दहा वर्षांची. घरात तिला सगळे खारू म्हणतात, कारण ही कार्टी खारीसारखी कुठे काय दडवून ठेवेल याचा नेम नाही, आणि मागितलं की क्षणात काढून देते. हुशार आहे, तोंडाळ आहे, पण घराबाहेर झोपायचं म्हटलं की माघार घ्यायची. गेल्या वर्षी शाळेची सहल होती. एका मुक्कामाची. खारू बसमध्ये चढली, खिडकीत बसली, हात हलवला, आणि बस सुटायच्या आत खाली उतरून माझं बोट धरून घरी आली. वाटेत मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. ते तिच्या हातात वितळलं, पण तिने खाल्लं नाही.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी ती आपण होऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मला स्काउटमध्ये जायचंय. त्यांचं एका रात्रीचं शिबिर आहे. या वेळी मी उतरणार नाही,” तेव्हा मला भरून आलं. मी तिथल्या तिथे हो म्हणालो आणि त्याच क्षणापासून माझी झोप उडाली.

दलप्रमुख म्हणजे बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. मुलं त्यांना ताई म्हणतात. समोरच्या माणसाकडे त्या अशा बघतात, की आपला नंबर वाढलाय असं आपल्यालाच वाटू लागतं. त्यांनी मला दोन पानी फॉर्म दिला. मी मनात म्हटलं, चला, इथे आपलं घोडं कुठे अडायचं नाही. फॉर्म हा तर आपला प्रांत.

नववा रकाना होता, ‘पाल्य पालकांशिवाय आजवर किती रात्री राहिले आहे?’ मी ‘शून्य’ लिहिलं. लिहिल्यावर ते फार उघडंबोडकं दिसायला लागलं, म्हणून मी तीन पानांची पुरवणी जोडली. खारू कोणत्या कुशीवर झोपते, झोपेत काय बडबडते, आणि ‘मला भूक नाही’ म्हणाली तर त्याचा खरा अर्थ काय, अशी सगळी उपयुक्त माहिती मी मुद्देसूद दिली होती. बाईंनी पुरवणीची टाचणी काढली आणि तिन्ही पानं माझ्याकडे सरकवली.

“पुरवण्या नकोत. रकान्यात मावेल तेवढंच लिहायचं.”

अहो, हे वाक्य माझं आहे! एकोणीस वर्षं मी ते रोज खिडकीतून बोलतोय. पण समोरून ऐकताना ते इतकं लागतं, हे मला आजवर एकाही माणसाने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा फॉर्म परत आला तो डॉक्टरांची सही नाही म्हणून. आमच्या डॉक्टरांनी खारूला अर्ध्या मिनिटात तपासलं आणि मला पंधरा मिनिटं. “मुलगी ठणठणीत आहे. ही झोप न झालेली तुमची तोंडं कधीपासून आहेत?” असं त्यांनी आम्हा नवराबायकोला विचारलं आणि मला जिना चढायची सवय ठेवायला सांगितलं. तिसऱ्यांदा सहीखालची तारीख खोडलेली होती म्हणून परत. चौथ्या खेपेला बाईंनी फॉर्म घेतला, तेव्हा मी त्यांना वाकून धन्यवाद दिले. नंतर त्या वाकण्याचा मला फार राग आला. पण त्या आठवड्यात मी कचेरीत सात अर्ज पहिल्याच खेपेला मंजूर करून टाकले. साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”

एव्हाना खारू शिबिराला जाणार ही बातमी जिन्यात पसरली होती. आमच्या वर मेजर राहतात. ते सैन्यात कधीच नव्हते. एका गोदामात त्यांनी जन्मभर मालाची नोंद ठेवली, पण मिशा तशा आहेत म्हणून सगळे मेजर म्हणतात, आणि आता त्यांनाही ते खरं वाटतं. समोरच्या दारात काकू. काकूंनी चार मुलं वाढवली आणि चारही मुलं मोठी होताच लांब राहायला गेली. काकूंच्या सल्ल्यांशी त्याचा संबंध असावा, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

“माल भरणं हे शास्त्र आहे,” मेजर म्हणाले. “जड खाली, हलकं वर. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत. पिशवीवर नंबर. आणि सगळ्यात वर यादी. माझ्या गोदामात तीस वर्षांत एक खिळा हरवला नाही.”

“आणि पोरांना ऐन वेळी काय लागेल सांगता येतं का?” काकू म्हणाल्या. “गरम पाण्याची पिशवी द्या. दोन छत्र्या द्या. एक वाऱ्याने उलटी झाली तर?”

हे सगळं मी ऐकून घेत होतो, पण सॅकला हात लावायचा माझा विचार नव्हता, अगदी शपथेवर सांगतो. माझा धीर सुटला तो वेगळ्याच गोष्टीने. शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून आलो, तर खारू गॅलरीत सॅक पुढ्यात घेऊन बसलेली. डोळे घट्ट मिटलेले. एक हात सॅकमध्ये, ओठ पुटपुटतायत. हात बाहेर येई, परत आत जाई. मी चपला न काढता तिथेच उभा राहिलो. काकू आपल्या दारातून मान लांब करून बघत होत्या.

“पोर घाबरलीय हो,” त्या कुजबुजल्या. “काहीतरी राहिलंय असं वाटतंय तिला. सारखी चाचपतेय बघा.”

मी बायकोला गाठलं. ती म्हणाली, “अहो, मग तिलाच विचारा ना.”

“विचारलं तर अजून घाबरेल.”

“तिच्यापेक्षा तुमचाच चेहरा उतरलाय,” बायको म्हणाली आणि कणीक मळायला लागली. या घरात माझ्या काळजीला किंमत नाही ती नाहीच.

शनिवारी सकाळी आठला बस होती. साडेसहाला खारू आंघोळीला गेली आणि मी सॅक उघडली. उघडली आणि कपाळाला हात लावला. बॅटरी बुटात खुपसलेली! मोजे पाणी प्यायच्या मगात कोंबलेले! ताट पाठीच्या बाजूला उभं घातलेलं, आणि दात घासायचा ब्रश बाजूच्या कप्प्यात पेन्सिलीच्या शेजारी! इतका गलथान कारभार घेऊन माझी मुलगी जंगलात रात्र काढणार? मी जिन्यातून हाक मारायचा अवकाश, मेजर पायजम्यावरच हजर झाले. सतरा मिनिटांत आम्ही दोघांनी ती सॅक रिकामी करून पुन्हा भरली. तेवीस पिशव्या. प्रत्येकीवर नंबर. काकूंची गरम पाण्याची पिशवी, दोन छत्र्या, गजराचं घड्याळ, नखं काढायचं यंत्र, बायकोची शाल, आणि मेजरांच्या खास आग्रहाखातर एक कुलूप. सगळ्यात वर माझ्या सुवाच्य अक्षरातली यादी. ‘बॅटरी : पिशवी क्र. १७.’ काम झाल्यावर आम्ही दोघं जरा मागे सरकून सॅककडे बघत राहिलो. मेजरांचे डोळे पाणावले होते.

खारूने सॅक पाठीला लावली आणि ती दोन पावलं मागे गेली. “जड झालीय का रे बाबा?”

“छे! रिकाम्या पोटी तसं वाटतं,” मी म्हणालो. स्वतःच्या मुलीशी मी धडधडीत खोटं बोललो. नोंद करून ठेवतो.

मैदानावर बस उभी होती. बारा मुलं, त्यांचे आईबाप, आणि गळ्यात स्कार्फ अडकवलेल्या चष्मेवाल्या बाई. बाईंनी मुलांना ओळीत बसवलं, प्रत्येकापुढे त्याची सॅक ठेवली आणि म्हणाल्या, “आता स्कार्फ डोळ्यांवर बांधा. तंबूत दिवा नसतो. अंधारात आपली वस्तू आपल्याला सापडली पाहिजे. मी तीन वस्तू सांगेन. सापडल्या तर बसमध्ये चढायचं. नाही सापडल्या तर पुढच्या शिबिराला. आठवडाभर सराव केलाय ना सगळ्यांनी?”

“हो ताई!” सगळी पोरं ओरडली. त्यात खारूचा आवाज सगळ्यात मोठा होता.

गॅलरी, मिटलेले डोळे, पुटपुटणं, बुटातली बॅटरी. सगळं एका दमात माझ्या डोक्यात शिरलं. मेजरही आमच्याबरोबर निरोप द्यायला आले होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते एकदम ढग बघायला लागले.

दोन मुलांचं पार पडलं. तिसरी खारू. डोळ्यांवर स्कार्फ, ताठ पाठ, आणि चेहऱ्यावर असं हसू, की परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न आलाय.

“बॅटरी,” बाई म्हणाल्या.

खारूचा हात सरळ सॅकच्या तळाशी गेला, बूट होता तिथे. आणि थांबला. हसू गेलं. हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला. पिशव्यांचा चुरचुर आवाज सगळ्या मैदानाला ऐकू येत होता. तिने एक पिशवी ओढून काढली, चाचपली, खाली ठेवली. दुसरी काढली. मग गरम पाण्याची पिशवी बाहेर आली आणि मुलं खो खो हसली.

“ही माझी सॅक नाही,” ती म्हणाली.

“तुझंच नाव आहे गं वर.”

तिने स्कार्फ वर केला. सॅकमध्ये बघितलं, नंबर बघितले, माझं अक्षर बघितलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. ती उठली, सॅकचा पट्टा धरला आणि ते धूड ओढत फाटकाकडे चालायला लागली. गेल्या वर्षी चालली होती, अगदी तशीच.

आता ऐका. त्या आईबापांच्या घोळक्यात एक गृहस्थ होते, ज्यांचा अर्ज मी मागच्याच महिन्यात चार वेळा परत केला होता. मैदानात पाऊल ठेवल्यापासून मी त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो. एरवी त्यांच्यादेखत मी मेलो तरी चूक कबूल केली नसती. पण पोरगी फाटकाजवळ पोचत आली होती. मी ओरडलो, “बाई! सॅक मी भरली! तिची काही चूक नाही!”

बाईंनी शांतपणे आपली फाईल उघडली, एक कागद काढला आणि वर धरला. माझी लाल रेघ लांबूनही लखलखत होती.

“ही सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“‘अपवाद नमूद करावेत’ असं लिहिलंय तुम्ही.”

“लिहिलंय.”

“अपवाद नाही,” बाई म्हणाल्या. “आता पुढच्या शिबिराला.”

बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तेवढ्यात ते गृहस्थ पुढे आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं, सावकाश, हक्काने. मग बाईंना म्हणाले, “ताई, पोरीला परत एकदा भरू द्या की. चुकलेल्या अर्जालासुद्धा परत संधी मिळते. मला चांगल्या चार मिळाल्या होत्या.”

हसू दाबायचा बाईंनी प्रयत्न केला, पण तो जमला नाही. त्यांनी घड्याळ बघितलं. “दहा मिनिटं. आणि पालक दहा हात लांब.”

मी धावत फाटकाशी गेलो आणि खारूपुढे गुडघ्यावर बसलो. “चुकलं गं माझं.”

ती नाक ओढत माझ्याकडे बघत राहिली. “तू घाबरला होतास का, बाबा?”

“हो.”

“मग मला सांगायचं ना. मी सांगितलं असतं तुला, कुठे काय आहे ते.” तिने बाहीला नाक पुसलं. “आता तिकडे जाऊन उभा राहा. अजून लांब. मेजर आजोबांना पण घेऊन जा.”

तिने सॅक धरली आणि उलटी केली. सगळ्यांसमोर. कुलूप टणकन दगडावर पडलं, गजराचं घड्याळ वाजायला लागलं, छत्री आपोआप उघडली. “अगं बाई, माझी शाल!” बायको ओरडली. मी जमिनीकडे बघत उभा होतो, मेजर अजून ढगांकडे. खारू मात्र कोणाकडे बघत नव्हती. तिने तिच्या वस्तू निवडून बाजूला काढल्या, पिशव्या भराभर फाडल्या, आणि बॅटरी बुटात, मोजे मगात, ताट पाठीला, असं सगळं सहा मिनिटांत जागेवर गेलं. मग तिने स्वतःच स्कार्फ खाली ओढला.

“बॅटरी.” निघाली. “ताट.” निघालं. “मोजे.” मगासकट निघाले.

“चढ,” बाई म्हणाल्या.

ती चढली. बारा मुलं चढली. इंजिन सुरू झालं. मी बसच्या दाराकडे बघत होतो, कारण गेल्या वर्षी याच वेळी ते दार उघडलं होतं. आणि अहो, खरोखर उघडलं! दारात खारू. बायकोने माझं मनगट आवळलं.

“बाबा!” ती ओरडली. “तो पसारा उचला तिथला! कोणीतरी अडखळून पडेल!”

दार लागलं आणि बस गेली. मी तिथेच छत्रीशेजारी मातीत फतकल मारून बसलो, इतकं मोकळं वाटलं. पसारा शालीत बांधायला त्या गृहस्थांनी मला मदत केली. निघताना ते म्हणाले, “माझं अजून एक काम आहे तुमच्या कचेरीत.” मी म्हटलं, “या. सोमवारीच या.”

उरलेल्या दिवसाचं काय सांगू? काही अडलं तरच फोन करू, असं बाईंनी सांगितलं होतं. म्हणजे फोन वाजला नाही तर सगळं छान. हे समजायला सोपं आणि जगायला फार अवघड आहे. फोन एकदाच वाजला. बायकोने देवाचं नाव घेतलं. मी उचलला. वरून मेजर बोलत होते. “काही फोन आला का हो?”

आज सकाळी बस आली. खारू उतरली ती माझ्याकडे न येता आधी कोणा दोघींच्या गळ्यात पडली. केसांत गवत, गुडघा सोललेला, आवाज बसलेला. घरी येऊन ती जेवायला बसली आणि घास तोंडात असतानाच बोलत सुटली. तंबू, ओढा, कोण चिखलात पडलं, कोणी भात करपवला. नको नको म्हणत होतो, तरी शेवटी माझ्या तोंडून गेलंच.

“आणि रात्री गं? रात्री काय केलंस?”

“रात्री मला रडू आलं,” खारू म्हणाली आणि पाणी प्यायली.

बायकोच्या हातातला चमचा थांबला. “मग?”

“मग काय, रडायलाच लागले होते. तर शेजारची माझ्याहून मोठ्याने रडायला लागली. मग आधी तिचं बघितलं. अंधारात तिला तिचा रुमाल पण सापडेना. मी माझा काढून दिला. तिला थोपटलं. ती झोपली.”

“आणि तुझं रडू?”

तिने जरा आठवून बघितलं.

“ते राहूनच गेलं,” ती म्हणाली, आणि पुढचा घास घ्यायच्या आधी ताटावरच पेंगायला लागली.